सव्वादोन वर्षांच्या उंचीवरून गड्डा

गेल्या दोन्ही गड्ड्यांना, म्हणजे सोलापूरच्या जत्रेला, माझी लेक माऊ घरीच होती. पहिल्या वर्षी ती तीन महिन्यांची, कुशीतली. दुसऱ्या वर्षी नुकती पावलं टाकायला लागली होती आणि नेमका संक्रांतीला ताप आला. यंदा ती सव्वादोन वर्षांची झाली, दोन-तीन शब्दांची वाक्यं जोडायला लागली, आणि मी दिवाळीपासूनच घरात सांगून ठेवलं होतं की यंदा माऊचा पहिला गड्डा.

सोलापूरच्या माणसाला गड्डा समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमध्ये वचनं रचणारे. सोलापूरला तळं त्यांनी खोदवलं आणि गावात नि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, त्यांना लग्न करता येईना. मग त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि तिचं लग्न त्या दंडाशी लागलं. त्या लग्नाचा सोहळा म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम, तिसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. होम होतो ते होम मैदान, आणि त्याच मैदानावर पाळण्यांचा, खेळण्यांचा, खाण्यापिण्याचा जो पसारा उभा राहतो तो गड्डा. विधी पाच दिवसांत उरकतात, गड्डा त्यानंतरही कितीतरी दिवस उभा असतो. ही शेवटची गोष्ट मला जन्मापासून माहीत होती, पण तिचा उपयोग करायचं यंदा आधी सुचलं नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळीच न्यायचं, हा हट्ट माझा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज सगळं सोलापूर तिथं असतंय. चार दिवसांनी जा की." पण माझ्या डोळ्यांसमोर माझा गड्डा होता. माहेर विजापूर वेशीजवळचं. नंदीध्वज जायचे तेव्हा मी अप्पांच्या खांद्यावर बसलेली असायचे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो उंच जड ध्वज कमरेवर तोलत पुढे सरकायची, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा घोष झाला की अप्पांच्या छातीतला आवाज मला मांड्यांना जाणवायचा. मग दिवे लागल्यावर होम मैदान. दिव्यांशिवाय गड्डा असतो हे मला पटतच नसे. माझ्या लेकीनं तो तसाच, दिव्यांचा, पहिल्यांदा बघावा असं वाटत होतं.

सहाला निघालो. त्या दिवशी वाणाला बायका येत राहिल्या आणि माऊची दुपारची झोप झालीच नाही. काळं झबलं, पायात नवे बूट, खूष होती. गाडी बरीच लांब लावावी लागली, तिथून चालत. चार पुतळ्यापाशी दोन दिवसांपूर्वीचे हार अजून होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, त्यामुळे संक्रांतीच्या तोंडावर तिथं दरवर्षी फुलं असतात. माऊनं फुलं बघून हात केला. तिथपर्यंत सगळं छान होतं.

मैदानात शिरलो आणि दहा मिनिटांत तिचा चेहरा बदलला. आधी ती गप्प झाली. ती गप्प झाली हे मी बघितलं, आणि मला वाटलं, भारावली. एकीकडं ब्रेक डान्सच्या पाळण्यावरचं गाणं, त्याच्या शेजारी मौत का कुआँतल्या मोटारसायकली, मागं जनरेटर, आणि प्रत्येक दुकानाचा भोंगा. मी तिला उचलून आकाशपाळणा दाखवत होते, "बघ बघ, केवढा मोठा!" तिनं मान माझ्या खांद्यात घातली. मी ती परत वर काढली. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

मग ती उतरते म्हणाली, म्हणून खाली ठेवलं. तिचे पप्पा तिकिटाच्या रांगेत होते. मी पर्समधून सुटे पैसे काढायला एक हात सोडला आणि दुसऱ्या हातातलं तिचं बोट निसटलं. खाली बघितलं तर माऊ नाही. पाव मिनिट असेल, फार तर अर्धं. मी हाक मारली ती माझी मलाच ऐकू आली नाही. शेजारच्या बांगड्यांच्या गाड्यावरून एक बाई ओरडली, "अम्मा, पाप इक्कड उंदि!" माऊ तिच्या गाड्याखाली, चाकाला धरून उभी होती. त्या बाईनं तिच्यासमोर आपला पदर धरून ठेवला होता, म्हणजे गर्दीतलं कुणी तिच्यावर येऊ नये. मला तेलुगू जेमतेम येतं. मी त्या बाईचे हात धरले, दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

माऊला उचलण्यासाठी गुडघ्यावर बसले तेव्हा पहिल्यांदा तिच्या उंचीवरून गड्डा दिसला. माऊची उंची तेव्हा ८६ सेंटिमीटर. त्या उंचीवर दिवे नाहीत, आकाशपाळणा नाही. आहेत ते गुडघे, हलणाऱ्या पिशव्या, लोखंडी खांबांचे पाय, वायरी आणि धूळ. मोठ्यांच्या नाकापाशी येईपर्यंत धूळ थोडी विरळ होते, तिच्या नाकापाशी ती दाट असते. एका जनरेटरची गरम हवा सरळ तिच्या तोंडावर येत होती. मी हे सगळं तिला आनंद म्हणून दाखवायला आणलं होतं.

कुठल्याच पाळण्यात न बसता परतलो. ती गाडीवर झोपली, रात्री दोनदा दचकून उठली.

त्या रात्री तिच्या पप्पांशी बोलणं झालं. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. मागाच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय, कुठं धोटा अडकतोय हे ओळखायचं, हे त्यांचं रोजचं काम. ते म्हणाले, "आवाजानं बिघडलं. आमच्या शेडमध्ये आणि तिथं काही फरक नव्हता." त्यांनी मोबाइलवर मोजून बघितलं होतं, पाळण्यांच्या मधल्या गल्लीत ९५च्या वर आकडा जात होता. मोबाइलचा आकडा अंदाजाचाच. पण मोठ्या माणसाच्या कानालासुद्धा ८५ डेसिबल आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंतच सोसेल असं धरतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ला तासभर. आणि हे हिशोब कामगारांसाठी केलेले, लहानग्यांसाठी नव्हेत. आमच्या भागात माग चालवून म्हातारी झालेली माणसं मोठ्यानं का बोलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात ही माहिती असून मी लेकीला त्या गल्लीत उभं केलं.

दोन दिवसांनी दारूकाम. ते मात्र आम्ही लांबून बघायचं ठरवलं. माहेरच्या गच्चीवर चादर अंथरली, माऊ आजीच्या मांडीवर. तिथून मैदान किलोमीटरभर असेल. आधी आभाळात फूल उमलायचं आणि आवाज मागून यायचा, कारण आवाजाला सेकंदाला साधारण ३४० मीटरच जाता येतं. तिच्या पप्पांनी तिला मोजायला शिकवलं. फूल दिसलं की "एक, दोन, तीन" आणि मग धडाम. आवाज कधी येणार हे आधी कळलं की तिला भीती वाटत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या फुलानंतर ती स्वतःच कानांवर हात ठेवून "तीन" म्हणायची आणि वाट बघायची. त्या गच्चीवर मला पहिल्यांदा वाटलं, की हिला गड्डा आवडू शकेल. आपण तो तिच्या हिशोबानं द्यायला पाहिजे.

दुसरी फेरी यात्रेचे विधी संपल्यावरच्या मंगळवारी. पप्पांची रात्रपाळी होती, म्हणून दुपार मोकळी. माऊ एक ते तीन झोपते. उठवलं नाही, तिची ती उठली. दूध-भात खाऊन चारला मैदानात. जानेवारीत सोलापूरला दुपारी तीनपर्यंत ऊन चांगलंच लागतं आणि सातनंतर गार वारा सुटतो, त्यामुळे चार ते सहा हीच खरी वेळ. पाळणे सुरू झालेले असतात, गर्दी आलेली नसते, आणि बरेच भोंगे अजून बंद असतात.

पिशवीत काय नेलं हे जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या वेळी मी फक्त पर्स आणि पाण्याची बाटली नेली होती. या वेळी आवाज अडवणारे लहान मुलांचे कानपट्टे घेतले. कानात कापूस घालायचा नाही, तो आत सरकतो. शिवाय त्यानं आवाज फारसा थांबतही नाही. एक ओला रुमाल डब्यात, धुळीसाठी. सुती स्वेटर. कपड्यांचा एक जोड. मऊ पोळीचा गुळतुपाचा लाडू आणि केळं. तिच्या झबल्याच्या आतल्या बाजूला माझा नंबर न पुसणाऱ्या पेनानं लिहिला. नाव लिहिलं नाही. दिसेल असं नाव लिहिलं तर कुणीही अनोळखी माणूस मुलाला नावानं हाक मारू शकतो, आणि या वयाची मुलं हाकेला लगेच जातात. निघण्याआधी तिचा त्या दिवसाच्या कपड्यातला फोटो काढला. हरवलं तर "काय घातलं होतं?" हा पहिला प्रश्न असतो, आणि पहिल्या दिवशी त्या अर्ध्या मिनिटात मला तो आठवला नसता.

खाण्याचंही ठरवून गेलो. गड्ड्यात पावलोपावली शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या. माऊला यातलं काहीही अख्खं द्यायचं नाही, हे मुलांच्या डॉक्टरांनी लसीकरणाच्या वेळीच बजावलं होतं. चार वर्षांपर्यंत तरी नाही. दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, दाणा नीट चावला जात नाही, आणि हसताना-रडताना श्वासाबरोबर तो श्वासनळीत जातो. चालत्या पाळण्यात खायला तर कुणालाच देऊ नये. संक्रांतीचा हलवा आणि बोरन्हाणातली बोरं यांनाही हेच लागू. आमच्याकडं माऊचं बोरन्हाण झालं तेव्हा सासूबाईंनी स्वतः चुरमुरे आणि तिळाच्या मऊ वड्याच ओतल्या, बोरं आणि उसाचे करवे बाजूला ठेवून मोठ्या मुलांना वाटले. रीत मोडली का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू हसलं, रीत झाली." शेंगाचटणी भाकरीला लावून माऊ रोज खाते, ती कुटलेली असते, तिचा प्रश्न नाही. आणि फुगा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जाणं दाण्याइतकंच वाईट, म्हणून फुटला की तुकडे आधी गोळा करायचे. मी यात्रेआधी एक गोष्ट शिकून घेतली होती. वर्षावरच्या मुलाच्या घशात काही अडकलं आणि आवाजच फुटेनासा झाला, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके, असं आलटून पालटून करायचं. प्रत्येक आईबापानं डॉक्टरांकडून हे हातानं करून शिकून घ्यावं.

गुलाबी बुढ्ढी के बाल माऊनं मागितलेच. कर्नाटकानं २०२४च्या मार्चमध्ये त्यातल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं. हा कपड्यांना वापरायचा रंग, खायचा नव्हे. सीमा आमच्यापासून कितीशी लांब? सोलापुरात रंगाची भट्टी बघितलेलं प्रत्येक माणूस हे समजू शकतं. एका गाड्यावर पांढरे, बिनरंगाचे होते. त्याची चिमूटभर दिली. ते जिभेवर नाहीसं होतं याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती तोंड उघडून मला "गेलं?" विचारत राहिली.

आता पाळणे. इथं माऊच्या पप्पांनी मला जे शिकवलं ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं. पाळण्यात बसायच्या आधी ते दोन फेऱ्या नुसते उभे राहून बघतात. आधी पायाकडं. जमीन मऊ असेल तर लोखंडी पायाखाली लाकडी ठोकळे लावलेले असतात. ते ठोकळे सपाट बसलेत का, की एक पाय अधांतरी आहे? पाळणा फिरताना पाया हलतोय का? मग जोड. प्रत्येक डब्याच्या खिळीला शेवटी, ती निसटू नये म्हणून, बारीक कॉटर पिन असावी लागते, ती नसली आणि तिच्या जागी तार गुंडाळलेली असली तर तिथून निघायचं. मग दार. साखळीला कडी आहे का, की नुसतीच अडकवलीय? आणि सगळ्यात शेवटी चालवणारा माणूस. त्याचा हात बटणावर आहे आणि डोळे मुलांवर आहेत, की तो मोबाइल बघतोय? पप्पा म्हणाले, "माग असो की पाळणा, लक्ष नसलेला माणूस हा पहिला बिघाड." एका छोट्या विमानांच्या पाळण्याची कडी सैल होती. त्यांनी चालवणाऱ्याला नीट दाखवलं, तो तरुण पोरगा होता, त्यानं रागावून न घेता पाना आणला. तरी आम्ही त्यात बसलो नाही.

हवेच्या घसरगुंडीवर, पोरं जिला मिकी माउस म्हणतात, पाच मिनिटं होतो. तिच्यातली हवा पंखा सतत आत भरत असतो, वीज गेली की ती खाली बसायला लागते, म्हणून बाहेर पडायची बाजू आधी बघून ठेवायची आणि चारी कोपऱ्यांचे दोर खुंटीला ताणलेत का बघायचं. त्यात आठ-दहा वर्षांची पोरं उड्या मारत होती. त्यांची एक उडी म्हणजे माऊसाठी फेकणंच. मालकाला विनंती केली, त्यानं मोठ्या पोरांना बाहेर थांबवून पाच मिनिटं फक्त दोन बारक्यांना सोडलं. माऊ उड्या मारतच नव्हती. ती हवेच्या भिंतीवर गाल टेकून भिंत थरथरते ते अनुभवत होती. मी "उडी मार ना" म्हणणार होते, म्हटलं नाही.

मग घोड्यांचं चक्र. हातानं ढकलायचं, जुन्या घडणीचं, लाकडी घोडे, एकाचा कान गेलेला. आवाज म्हणजे फक्त लोखंडाची करकर. माऊ त्याच्यासमोर थांबली. मी तिकीट काढलं, तिला घोड्यावर ठेवायला गेले, तिनं पाय आखडून घेतले. मी उतरवलं. चक्र सुटलं. तिनं बघितलं. परत थांबलं, तिला विचारलं, ती म्हणाली, "नको. बघू." आम्ही बघितलं. एक फेरी, दोन, चार. चक्रवाल्या मामांना आम्ही आधीच पैसे दिले होते, ते हसून म्हणाले, "बसू द्या हो तिच्या मनानं, घोडं कुठं पळून जातंय." सातव्या वेळेला चक्र थांबलं तेव्हा ती स्वतः पुढे गेली आणि कान गेलेल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मी तिला बसवलं, एक हात तिच्या पोटाला लावून चालत राहिले. मामांनी अगदी हळू ढकललं. दुसऱ्या फेरीत पप्पांच्या समोरून जाताना ती ओरडली, "हल्ल बोला हल्ल!"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दारूकामाच्या रात्री गच्चीखालून जाणाऱ्या माणसांचं ऐकलं असेल. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत.

चक्रानंतर मी पुढच्या पाळण्याकडं वळले, पण माऊ वळली नाही. जमिनीवर एक म्हातारे बाबा घमेल्यात पाणी घेऊन बसले होते, आणि पाण्यात पत्र्याच्या छोट्या बोटी फट फट करत गोल फिरत होत्या. माझ्या लहानपणीही त्या असायच्या, मला कधी लक्ष देऊन बघाव्याशा वाटल्या नव्हत्या, कारण माझी मान वर, आकाशपाळण्याकडं. माऊच्या उंचीवर, तिच्या डोळ्यांसमोर, सगळ्या गड्ड्यात ही एकच गोष्ट पूर्ण दिसत होती. ती उकिडवी बसली. बाबांनी एक बोट हातात धरून दाखवली. पोटात चपटी पत्र्याची पेटी, तिला मागे दोन बारीक नळ्या. नळीतून पाणी भरायचं, पेटीखाली तेलाची वात पेटवायची. पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे जाते. वाफ निवली की पाणी परत आत ओढलं जातं, आणि पेटीचा वरचा पातळ पत्रा आतबाहेर होऊन फट फट वाजतो. पाणी आत येताना ते सगळीकडून येतं, बाहेर जाताना सरळ मागे एका धारेनं जातं, म्हणून बोट मागे न येता पुढेच सरकत राहते. हे शेवटचं पप्पांनी मला समजावलं. वीस मिनिटं ते दोघं आणि ते बाबा एका घमेल्याभोवती बसून होते. वात विझली की माऊ बाबांकडं बघायची, बाबा नवी वात लावायचे. मध्ये एकदा ते कन्नडमध्ये तिच्याशी काहीतरी बोलले, तिनं मान डोलावली.

बोट घेतली. पत्र्याला धार असते आणि वात पेटती, तेव्हा ती माऊच्या हातात द्यायची नाही, मोठ्यांनी चालवायची आणि तिनं बघायची, हे तिलाही सांगितलं.

पावणेसहाला तिनं डोळे चोळले. भोंगे एकेक करून सुरू होत होते, दिवे लागत होते. माझ्या गड्ड्याची वेळ झाली होती. आम्ही निघालो. बाहेर पडताना मी बांगड्यांचा तो गाडा शोधला. बाई होती. हिरव्या चुड्याची जोडी घेतली, माऊसाठी बारक्या, काचेच्या नव्हे, लाखेच्या. तिनं माऊला ओळखलं, गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली. पैसे घेईना, मी जबरदस्तीनं दिले.

तिसऱ्यांदा महिन्याच्या शेवटी गेलो, सासूबाईंना घेऊन. त्या वेळी माऊ सरळ चक्राकडं गेली, दुसरं काही बघितलंच नाही, आणि आजीला शेजारच्या घोड्यावर बसायला लावलं. मामांनी आजीचं तिकीट घेतलं नाही. पाऊण तासात परत.

फेब्रुवारीत एकदा दवाखान्यातून येताना होम मैदानावरून गाडी गेली. मैदान रिकामं होतं. जमिनीवर ठोकळ्यांचे चौकोनी ठसे आणि चक्र फिरलं त्या जागी एक गोल वाट, पायांनी पडलेली. माऊनं मला मागून थोपटलं.

"घोला कुठे?"

"दुसऱ्या गावच्या यात्रेला गेला."

तिनं थोडा वेळ विचार केला. सिग्नल सुटला, आम्ही पुढे निघालो. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ती मोरीतल्या घमेल्यापाशी जाऊन बसली आणि पप्पा कारखान्यातून कधी येतील, वात कधी लावतील, हे विचारत राहिली.